मूड बोर्डावरचा मुसलमान

मागच्या वर्षी अंधेरीतल्या एका निर्मिती कार्यालयातून बोलावणं आलं. मराठी वेबमालिका, दापोलीकडचं मुस्लिम कुटुंब. 'तुम्ही फक्त भाषा तपासा,' म्हणाले. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून गेलो. पटकथा हातात देण्याआधी त्यांनी मूड बोर्ड दाखवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्रीकरणाच्या आधी फोटो, रंगांच्या पट्ट्या, कापडाचे नमुने एकत्र लावतात. दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार अशा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असावं, हा हेतू. पैसे घालणाऱ्यालाही हाच बोर्ड दाखवतात. भिंतीचा रंग, कपड्यांची खरेदी, नटांची निवड यावरूनच ठरत जाते.

त्या बोर्डावर शेवाळी हिरवा रंग होता. धूर, सुरमा घातलेले डोळे, खाटकाचा सुरा, कबुतरं, तुर्की दिवे, मोरोक्कोतली कमान. दापोलीचं एकही घर नव्हतं. कौलं नव्हती, पडवी नव्हती, झोपाळा नव्हता. जहाजावर नोकरी केलेल्या आजोबांचा फोटो नव्हता, मामानं कुवेतहून आणलेली बॅग नव्हती, वाटीत उकडलेलं सांदण नव्हतं.

मी म्हणालो, 'या घरात राहणारा माणूस कोकणी बोलेल कसा? मी भाषा तपासून काय करू?'

'सर, हा नुसता मूड आहे,' उत्तर आलं.

माझं भांडण या 'नुसता'शी आहे. बोर्डावरची चित्रं येतात कुठून? आधीच्या सिनेमांतून. ते सिनेमे आले आधीच्या बोर्डांवरून. या फेऱ्यात खरा माणूस कुठेच लागत नाही. साचा इतका घट्ट झालाय की तो आता मुसलमानालाच नव्हे, कुणालाही चढवता येतो. २०२० चा 'तान्हाजी' आठवा. उदयभान राठोड हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत. पडद्यावर मात्र काळा पोशाख आणि मगरीचं मांस. दोन वर्षं आधीच्या 'पद्मावत'मधला खिलजी ज्यांनी पाहिला, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटला असेल. खलनायक ठरला की सामान त्याच गोदामातून येतं.

मी घरी येऊन आजोळचे नऊ फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'छान आहेत, पण हे मुस्लिम घर आहे हे कळत नाही.'

बरोबर. कळत नाही. कारण ते घर आधी कोकणातलं आहे. भिंतीवर एक आयत आहे, कपाटात जानमाज आहे, बाकी शेजारच्या घरात आहे तेच सगळं. प्रेक्षकाला हे कळू न देण्यासाठी एवढा धूर लागतो का?

प्रेक्षकाला चटकन ओळख पटावी लागते, हा त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण 'गर्म हवा' आठवा. आग्र्यातल्या खऱ्या हवेलीत चित्रित झालेला सिनेमा. घर सोडायचं नाही म्हणून लपून बसणारी आजी पाहताना ती कोण, कुठली, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. ओळख माणसाच्या हट्टातून पटते, दिव्याच्या आकारातून नाही.

आता थोडं आपल्याच लोकांशी. आपल्या लग्नांचे मूड बोर्ड काय वेगळे असतात? तुर्की मालिकांतले पोशाख, अरबी तंबू, खजुराची प्लॅस्टिकची झाडं. नानीचं लुगडं आणि कोकणी लग्नगीतं आपल्यालाच 'कमी मुसलमान' वाटू लागली आहेत. आपणच आपलं घर बोर्डावरून काढलं, तर अंधेरीतल्या मुलांना ते सापडणार कुठे?

ते काम मी सोडलं. मानधन गेलं, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नऊ फोटो मात्र अजून माझ्याकडे आहेत. कुणी दापोलीवर काही करत असेल तर न्यावेत. आणि वाचकहो, तुमच्या घरचे जुने अल्बम उघडा. पडवीचे, चुलीचे, ईदच्या दिवशी शेजाऱ्यांसोबत काढलेले फोटो जपून ठेवा. उद्या कुणी विचारायला आलं, तर पुढे ठेवायला आपल्याकडे काहीतरी असू द्या.