जागा बदलली, कार्ड बदलले का?

छोट्या विमानात वैमानिकासमोर, बहुधा काचेच्या मधोमध, एक लहानसे होकायंत्र असते. दिशा दाखवायला त्याला वीज लागत नाही. म्हणूनच बाकीची उपकरणे बंद पडली तरी ते उरते. पण शेजार वाईट मिळाला की ते बिघडते. रेडिओ, विजेच्या तारा, लोखंडी स्क्रू, सांगाड्यातला पोलादी नळ, सगळेच त्याला आपल्याकडे ओढू पाहतात. मग त्याची जागा बदलायचे ठरते.

बदलावी जरूर, पण रीतसर. नव्या जागी आधी ते हातात धरून रेडिओ, दिवे एकेक करून लावायचे. तबकडी हलली तर ती जागा बाद! स्क्रू पितळी वापरायचे. त्याच्या दिव्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, म्हणजे एकीचा परिणाम दुसरी खोडते.

एवढे करूनही चूक उरतेच. मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत होता. जहाजाचे तोंड वळले की होकायंत्राची चूकही बदलते, हे त्याने तेव्हाच टिपले होते. म्हणून विमान लोखंडापासून दूर, मोकळ्या जागी नेतात. इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून ते दर ३० अंशांवर उभे करतात, होकायंत्रातले छोटे चुंबक फिरवून चूक कमी करतात आणि उरलेली चूक कार्डावर लिहून तिथेच लावतात.

कंटाळवाणे काम म्हणून नेमके हेच टाळावेसे वाटते. ‘आता उपग्रह वाट दाखवतात, कशाला हा खटाटोप?’ असेही कुणी म्हणेल. पण वीज गेलेल्या विमानात, सांज होत आलेली असताना, १० अंशांची चूक १०० किलोमीटरांत सुमारे १७ किलोमीटर बाजूला नेते. टाकीत तेवढे इंधन उरलेले असेलच असे नाही.

बँकेत मी वर्षानुवर्षे ताळेबंद तपासले. फरक नाहीच असे दाखवणाऱ्या वहीपेक्षा ‘इतका फरक, शोध चालू’ असे लिहिणारी वही मला अधिक भरवशाची वाटे. होकायंत्राचेही तसेच आहे. कार्ड नसेल तर वैमानिक निदान सावध तरी राहतो. जुन्या जागेचे कार्ड मात्र त्याला निर्धास्तपणे चुकीच्या वाटेला लावते. म्हणून होकायंत्र हलवले की पहिल्याप्रथम जुने कार्ड फाडावे, आणि नवे लिहून होईपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावे.