रुग्णालयांतील चिवट जंतू आणि शेतकऱ्यांचे कर्तव्य

अंबरनाथ-बदलापूर भागातील शेतकऱ्याच्या घरी कोणी अत्यवस्थ झाले म्हणजे उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची, आणि तेथे न भागल्यास मुंबईची वाट धरावी लागते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जखम चिघळावी आणि एकामागून एक औषधे निष्फळ ठरावी, असे प्रसंग सांप्रत मोठमोठ्या रुग्णालयांतही घडत आहेत. हा प्रश्न डॉक्टरांचा, आपला नव्हे, अशी कित्येक शेतकरी बंधूंची समजूत आहे. ती सोडून देणे अवश्य आहे.

औषधाने दुर्बळ जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व त्यांचाच वंश वाढतो. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने 2017 साली विदर्भात केलेला अनर्थ वाचकांस ठाऊक आहेच, न्याय तोच. मात्र जंतूंची गोष्ट याहून कठीण आहे. औषधाला दाद न देण्याचा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊ शकतो. यास्तव जंतूचे नुसते नाव कळून भागत नाही. त्याची जनुके तपासून त्याचे कूळ व त्याजवळील हा गुण शोधावा लागतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 2009 साली, कार्बापेनेम या राखीव औषधांस न जुमानणारे 24 जंतू असे तपासले, तेव्हा 22 जंतूंत एनडीएम-1 हे एकच जनुक आढळले.

आता आपल्या शेताकडे व गोठ्याकडे पाहू. भातावरील जिवाणूजन्य करप्यासाठी आपण स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणतो. तीत स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही दोन औषधे असतात, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे तर क्षयरोग्यास देण्याचे औषध. गाईची कास सुजली म्हणजे सल्ल्यावाचून नळी चढवितो, दोन दिवसांत सूज उतरली की उपचार अर्धाच टाकतो, आणि दूध मात्र त्याच दिवशी डेअरीत घालतो. शेतातील व गोठ्यातील पाणी ओढ्यावाटे अखेर उल्हास नदीलाच मिळते.

सरकारने कोलिस्टिन हे राखीव औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांस देण्यास 2019 च्या जुलैत बंदी केली. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर थांबविण्याचा मसुदा 2021 च्या डिसेंबरात काढला. यावर कोणी म्हणेल, करप्याने पीक गेले तर खावे काय? आक्षेप रास्त आहे. पण उपाय दुसरेही आहेत. रोगास दाद न देणारे वाण लावावे, युरिया बेताने द्यावा, रोगट खाचरातील पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. पुडीहून यांस कष्ट अधिक, हे खरे. पण उद्या आपल्याच मुलाच्या उशाशी बसून औषध लागू पडेना असे ऐकण्यापेक्षा हे कष्ट हलके आहेत.

सबब प्रत्येक गावच्या शेतकरी मंडळाने येत्या सभेत ठराव करावा: माणसांची जंतुनाशक औषधे पिकावर फवारणार नाही, पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून जनावरास देणार नाही, दिलेला उपचार अर्धा सोडणार नाही, आणि वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत दूध विकणार नाही. त्याचबरोबर, रुग्णालयांत होणारी जंतूंची कुळपरीक्षा आपल्या गोठ्यांपर्यंत यावी, अशी मागणीही पशुसंवर्धन खात्याकडे करावी. स्वतः शिस्त पाळणाऱ्यासच अशी मागणी शोभते.