दारातला शिक्का

लेकीकडे कॅलिफोर्नियात गेले होते, तेव्हा सहा वर्षांच्या नातीने ‘उंदराच्या पिझ्झावाल्याकडे’ जायचा हट्ट धरला. लेक कामावर. शेजारच्या मराठी बाईंनी आम्हा दोघींना गाडीतून सॅन होजेतल्या चक ई. चीजच्या दारात सोडलं.

पिझ्झा आणि मुलांच्या खेळाची यंत्रं एकाच छपराखाली, असं हे हॉटेल. यातलं पहिलं सॅन होजेतच १९७७ साली नोलन बुशनेल यांनी काढलं. हे गृहस्थ व्हिडिओ गेमच्या अटारी कंपनीचे एक संस्थापक. तेव्हा असली यंत्रं बहुतेक बारमध्ये नाहीतर बोलिंगच्या ठिकाणी असत. तिथे लेकरं घेऊन कोण जाणार? शिवाय पिझ्झा भाजून येईपर्यंत मुलांनी यंत्रांत पैसे घालावेत, हाही हिशोब होताच. धंदा तो धंदाच. आतल्या गोंगाटाने माझं डोकं उठलं. टेबलांशी कोट, पिशव्या आणि बूट राखत बसलेल्या बहुतेक बायकाच होत्या, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नकोच.

पण लिहायला बसले ते दारातल्या गोष्टीसाठी. आत शिरताना तिथल्या मुलीने नातीच्या आणि माझ्या हाताच्या पाठीवर शिक्का मारला. उमटलेलं काहीच दिसेना. ती शाई जांभळ्या दिव्याखालीच दिसते, असं मग कळलं. एकत्र आलेल्या सगळ्यांना एकच आकडा. निघताना हात दिव्याखाली धरायचे, आकडे जुळले तरच मूल बाहेर. भलत्याच माणसाबरोबर मूल जाऊ नये म्हणून ही काळजी. “आजी, तो हात धुऊ नकोस हं,” नातीने बजावलं. मी निमूटपणे दुसऱ्या हाताने पिझ्झा खाल्ला.

त्या मुलीने मला काय विचारलं? काहीही नाही. मुलीचे वडील कुठे आहेत, आडनाव काय, माझ्या गळ्यात मंगळसूत्र का नाही, काही नाही. मी हिला घेऊन आले, मीच हिला घेऊन जाणार, एवढं पुरलं.

मला १९९६ साल आठवलं. नवऱ्याने टाकून सहा वर्षं झाली होती. ह्याच लेकीला शाळेत घालायला गेले, तर टेबलामागच्या साहेबांनी अर्ज परत सरकवला. “वडिलांची सही आणा.” म्हटलं, तो कुठे असतो ते मलाच माहीत नाही. “मग मामाची आणा, काकाची आणा.” तिला भरवणारी, तापात रात्रभर उशाशी बसणारी, फी भरणारी बाई समोर उभी होती, तिची सही मात्र चालत नव्हती. शेवटी भावाने सही केली. तो वर्षातून एकदा, भाऊबीजेला, तिला बघत असे.

ते साहेब काही पदरचं बोलत नव्हते. १९५६च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी १९८४ साली मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून आईने सही करावी, यावर दोघांचं एकमत होतं. बँकेने वडिलांची सही मागितली, नाहीतर आईच पालक असल्याचा दाखला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली न्यायालयाने सांगितलं, ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यानंतर नव्हे, तो नसताना. निकाल मोठा, आमच्यासारख्यांना हत्यार देणारा. पण बाप हजर असेल तर? मग ती अजून दुसरीच. कलमातले शब्द आजही तेच आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं लिहायचं ठरलं, याचा मला आनंद आहे. पण नाव लागणं वेगळं आणि सही चालणं वेगळं.

त्या शिक्क्याची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. तो तसा भाबडाच. मारकुटा बाप मुलाला घेऊन आत आला, तर त्याच्याही हातावर तोच आकडा उमटणार. मूल कुणाकडे सुरक्षित आहे, हे शाईला कळत नाही. ते तपासायला न्यायालयं लागतात, समुपदेशन लागतं, आणि ते तिथेही लागतं, इथेही. पण निदान सुरुवात कुठून करायची? आमचा कायदा पुरुषापासून करतो. त्या दारात ती मुलाबरोबर आलेल्या माणसापासून होत होती.

निघताना नातीने आधी स्वतःचा हात दिव्याखाली धरला, मग माझा ओढला. आकडे जुळले.

परत आल्यापासून आमच्या केंद्रातल्या चौघीजणी गावातल्या शाळांचे प्रवेश अर्ज गोळा करत आहेत. सहीच्या रेघेखाली ‘पालक’ छापलंय की ‘वडील’, एवढंच बघायचं. जूनच्या आत तुमच्याही गावातले जमवा आणि त्यांच्या प्रती आम्हाला पाठवा. निवेदनाला जोडायच्या आहेत.