देव कोणाच्या निधीवर जगतो?

महाशिवरात्र जवळ आली की चामोर्शीहून मार्कंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर बॅनर लागतात. महादेव कोपऱ्यात, नेते मधोमध. मग भाषणं. देवस्थानासाठी इतका निधी आणला, अजून तितका आणू. समोरचे भाविक टाळ्या वाजवतात. मी दरवर्षी बातमी करतो आणि दरवर्षी तोच प्रश्न डोक्यात घेऊन घरी येतो. सत्ता देवाच्या दारी येते तेव्हा नेमकं कोण कोणाचं भलं करतं?

राजेहो, हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथे एक शिळा सापडली, एकाच शिळेवर दोन लेख. जुना अशोककालीन ब्राह्मी लिपीतला. प्राण्यांना पकडू नका, मारू नका, अशी त्यात आज्ञा. म्हणजे जंगलातल्या माणसाने धर्म कसा पाळायचा हे वरून ठरलं. काही शतकांनी त्याच दगडावर रुद्रसेन राजाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. वा. वि. मिराशींनी हा राजा म्हणजे वाकाटक पहिला रुद्रसेन असं मानलं. तो महाभैरवाचा भक्त. त्याचा नातू दुसरा रुद्रसेन गुप्त सम्राटाचा जावई झाला, आणि घराण्याच्या ताम्रपटांत त्याचा देव दिसतो चक्रपाणी. राजा बदलला, सोयरीक बदलली की दरबारातला देवही बदलतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण रोमचं. इ.स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळं पाडायला, धर्मग्रंथ जाळायला लावले. 313 मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी त्यांना उपासनेची मोकळीक दिली. छळ सोसलेल्यांना ती केवढी मोठी वाटली असेल! पण लगेच पुढचं बघा. 325 मध्ये नायसियाला बिशपांची परिषद भरली, ती सम्राटाने बोलावली. ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायचा होता (तो 337 मध्ये मरणाच्या दारात झाला), त्याच्या देखरेखीत येशू आणि देवपिता यांचं नातं काय हे ठरलं. ज्यांनी मान्य केलं नाही ते हद्दपार. 380 मध्ये थिओडोसियसने एकच मत खरं असा हुकूम काढला. आणि 385 च्या सुमारास प्रिसिलियन नावाच्या बिशपचा शिरच्छेद झाला. मारणारा सम्राट ख्रिस्ती, तक्रार करणारे बिशपही ख्रिस्तीच. तूरचा मार्टिन हा एक बिशप मारू नका म्हणून विनवत राहिला, त्याचं कोणी ऐकलं नाही.

मोकळीक मिळाल्यापासून जेमतेम बहात्तर वर्षं. छळ सोसणारा धर्म एवढ्यात आपल्याच माणसाचा छळ करायला शिकला. सत्तेने आधी संरक्षण दिलं, मग खरा भक्त कोण हे ठरवायचा हक्क घेतला.

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारने मार्कंड्याकडे बघूच नये काय? बघावं ना! ते संरक्षित स्मारक आहे. हेमाडपंती म्हणा की आणखी काही, असं कोरीव काम आपल्या भागात दुसरं नाही. जीर्णोद्धाराचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, याचा जाब विचारायलाच पाहिजे. रस्ता, पाणी, संडास, यात्रेच्या एसट्या हे सगळं झालं पाहिजे. पण ते आपल्या कराच्या पैशातून, आपला हक्क म्हणून. कोणाची देवावर मेहेरबानी म्हणून नाही.

कारण मेहेरबानीची किंमत नंतर मागितली जाते. आज बॅनरवर फोटो, उद्या मत, परवा यात्रेत कोण आपला आणि कोण परका याची यादी. आज उत्तरवाहिनी वैनगंगेत डुबकी मारणाऱ्याला कोणी जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. गोंड येतो, कुणबी येतो, ढीवर येतो, तेलंगणातून पाहुणे येतात. ही यात्रा कोणत्या सम्राटाच्या हुकमाने भरत नाही, म्हणून ती सगळ्यांची आहे.

तेव्हा पुढच्या शिवरात्रीला निधीचा आकडा ऐकून टाळी वाजवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: काम कधी पूर्ण होणार, आणि बॅनरवर तुमचा फोटो कशाला?