अंदाज तोच, पण तलाव भरला की अर्थ बदलतो

पवई (ता. कुर्ला) : ऑगस्टच्या मध्यावर मोबाइलवर आठवड्याचा अंदाज उघडला, की सातही दिवसांवर ढग आणि थेंबांचं तेच चित्र दिसतं. पावसाळाच आहे, पडणारच, असं म्हणून माणूस फोन खिशात टाकतो. पवई, विहार आणि तुळशी तलावांच्या आसपास राहणाऱ्यांना मात्र तेवढ्यावर भागत नाही. जूनमधला 100 मिलिमीटर पाऊस वेगळा आणि तलाव भरल्यावरचा 100 मिलिमीटर वेगळा.

त्या आठवड्यात काय झालं?

2025 चा ऑगस्ट आठवून बघा. पवई तलाव जूनमध्येच भरला होता. 16 ऑगस्टला तुळशी भरून वाहू लागला, 18 ला विहार. लगेच दुसऱ्या दिवशी, 19 ऑगस्टला, मिठी नदी धोक्याच्या पातळीला पोचली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून शेकडो लोकांना हलवावं लागलं.

यात योगायोग कमी, पाण्याची वाट जास्त. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये उतरतं. विहार आणि पवई ओसंडले की ते मिठीला मिळतं. तलावात जागा असते तोवर डोंगरावरचं पाणी तो पोटात घेतो. विहारची साठवण सुमारे 2,769 कोटी लिटर, तुळशीची 804 कोटी, पवईची 545 कोटी. भरलेला तलाव मात्र आलेलं पाणी पुढे सोडत राहतो. त्यात समुद्राला मोठी भरती असली, तर माहीमच्या खाडीशी पाण्याचा निचरा होत नाही आणि वरच्या वस्त्यांत पाणी चढतं.

रंग कसे वाचायचे?

हवामान खातं जिल्हावार इशारा देतं. साधारणपणे पिवळा म्हणजे मुसळधार, दिवसाला 64.5 ते 115.5 मिलिमीटर. नारंगी म्हणजे काही ठिकाणी अति मुसळधार, 204.4 मिलिमीटरपर्यंत. त्याच्याही वर लाल. पिवळ्यात लक्ष ठेवायचं, नारंगीत तयारी करायची, लाल आला की हालचाल करायची.

अडचण अशी, की मुंबई उपनगर हा एकच जिल्हा धरला जातो. वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत रंग एकच. पाऊस काही तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या हद्दी बघून पडत नाही. 19 ऑगस्ट 2025 ला सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत सांताक्रूझला 238 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 110. आणि 26 जुलै 2005 कोण विसरेल? सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला 73 च्या आसपास. त्या दिवशी विहारच्या परिसरात तर हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. म्हणून "मुंबईत पाऊस" एवढं वाचून तलावाकाठच्या माणसाने निश्चिंत होऊ नये.

आणखी एक गोष्ट. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारचा आकडा म्हणून जो येतो, त्यात सोमवारची अख्खी रात्र असते.

डोंगरउताराचं गणित वेगळं

16 ऑगस्ट 2025 च्या पहाटे विक्रोळी पार्कसाइटला दरड कोसळून एकाच घरातले दोघे गेले. लाल इशाऱ्याचे 18 आणि 19 ऑगस्ट हे दिवस अजून पुढे होते. सलग पावसाने माती भिजून जड झाली की उतार सुटायला वेळ लागत नाही. म्हणून उतारावरच्या घरांनी उद्याच्या अंदाजाबरोबर मागच्या तीन दिवसांत किती पाऊस झाला, हेही बघावं. भिंतीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं, तर रात्र होण्याची वाट बघू नये.

आठवडा कसा आखावा?

पहिल्या दोन दिवसांच्या अंदाजावर काम ठरवावं. पुढचे दिवस फक्त कल समजण्यापुरते. ते रोज बदलतात, म्हणून रोज सकाळी परत बघावेत.

आरेतल्या पाड्यांवर भात-भाजीपाला करणाऱ्यांनी नारंगी इशारा असताना युरिया टाकू नये. खत आणि पैसा दोन्ही वाहून जातं. भाजीच्या वाफ्यातले चर आधीच मोकळे करावेत. गोठेवाल्यांनी दोन दिवसांचा सुका चारा उंचावर ठेवावा. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे. पुढच्या काही तासांचा इशारा आला तर आठवड्याच्या अंदाजापेक्षा तो मोठा मानावा.

तलावाची पातळी रोज बघावी. महापालिका सात तलावांचा साठा रोज सकाळी जाहीर करते, त्यात विहार आणि तुळशी असतात. पवईचं पाणी पिण्याचं नाही, म्हणून तो त्या यादीत नसतो. तो भरल्याची बातमी वेगळी येते, ती लक्षात ठेवावी. मिठीकाठच्यांनी भरतीची वेळही लिहून ठेवावी.

थोडक्यात हिशोब असा : इशाऱ्याचा रंग, तलावाची पातळी, भरतीची वेळ. तिन्ही एकाच दिवशी वाईट असतील, तर म्हातारी माणसं, लेकरं आणि कागदपत्रं उजेड असतानाच सुरक्षित जागी न्यावीत. मदतीसाठी महापालिकेचा 1916 हा क्रमांक आहे. फोन चार्ज करून ठेवावा, पाणी चढल्यावर आधी वीजच जाते.