उत्पन्न घटण्याआधीच मांडावयाचा कर्जाचा हिशेब

२०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा सारी चर्चा नोकऱ्यांभोवती फिरली. नोकरीबरोबर जो पगार जाणार, त्यावर उभ्या असलेल्या कर्जांचे काय, हा प्रश्न मात्र घराघरांतून हलक्या आवाजातच विचारला गेला. हिंजवडी काय किंवा ऐरोली काय, तेथील नोकरदारांचे संसार पुढील वीस वर्षे पगार वाढतच राहील या गृहीतकावर रचले गेले आहेत. हे गृहीतक कोसळण्याची चाहूल बहुधा दोन-तीन महिने आधी लागते. निवृत्ती, बिनपगारी दीर्घ रजा, पती-पत्नींपैकी एकाने नोकरी सोडणे, अशा प्रसंगी तर तारीखही ठाऊक असते. तरीही कर्जाचा विचार सुरू होतो तो पहिला हप्ता चुकल्यानंतर. आपल्याकडील कायदा आणि बँकांचे नियम पाहता ही दिरंगाई फार महागात पडते.

हप्ता चुकण्यापूर्वीचा कर्जदार आणि हप्ता चुकून नव्वद दिवस उलटलेला कर्जदार, हे बँकेच्या लेखी दोन निरनिराळे इसम असतात. पहिल्याला उपलब्ध असलेले मार्ग दुसऱ्याला बंद होतात आणि दुसऱ्याला मिळणारी सूट पहिल्याला मिळत नाही. म्हणून मार्ग निवडताना आजचे उत्पन्न बाजूला ठेवून, ते घटल्यानंतरच्या महिन्याचे उत्पन्न कागदावर मांडावे लागते.

एक हिशेब करून पाहू. समजा, घरात महिन्याला एक लाख वीस हजार रुपये येतात. गृहकर्जाचे पन्नास लाख बाकी आहेत, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. शिवाय पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज, १४ टक्के दराने तीन वर्षांसाठी. त्याचा हप्ता सुमारे १७,१०० रुपये. दोन्ही मिळून साडेसाठ हजार. उत्पन्न साठ हजारांवर येणार असेल, तर सगळी मिळकत हप्त्यांतच जाईल. अशा वेळी प्रत्येकाला सुचणारा उपाय म्हणजे गृहकर्जाची मुदत वाढवून घेणे. वीसाची तीस वर्षे केली तर हप्ता सुमारे ३८,४५० रुपयांवर येतो. महिन्याला वाचले पाच हजारांहूनही कमी, आणि एकूण व्याजात भर पडली सुमारे चौतीस लाखांची! शिवाय चाळिशी उलटलेल्या कर्जदाराला तीस वर्षांची मुदत कोण देणार? मुदतवाढ हा किरकोळ घटीवरचा उपाय आहे. उत्पन्न निम्मे होणार असेल तर तिच्यामागे धावण्यात बहुमोल महिने वाया जातात.

हप्त्यांची फेररचना करून घेण्यातही एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या आराखड्यानुसार, आर्थिक अडचणीतल्या कर्जदाराला सवलत देऊन कर्जाची पुनर्रचना केली की ते खाते तत्काळ अनुत्पादित ठरते. मोठ्या उद्योगांची थकीत कर्जे ‘पुनर्रचित’ म्हणून लपविण्याची बँकांची जुनी खोड मोडण्यासाठी हा कठोरपणा आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु त्याचा जाच प्रामाणिकपणे आधी येऊन सांगणाऱ्या पगारदारालाही होतो. त्याला सवलत द्यावी तर खाते बुडीतांच्या यादीत जाते. त्यापेक्षा तो खरोखर थकेपर्यंत थांबलेले बरे, असा व्यवहार शाखेतला अधिकारी करतो. कोविडकाळात, ६ ऑगस्ट २०२० आणि ५ मे २०२१ च्या योजनांत, खाते नियमित ठेवून दोन वर्षांपर्यंतची मुदतवाढ देण्याची मुभा होती. त्या खिडक्या आपापल्या मुदतीत बंद झाल्या. उत्पन्न घटणे हा कर्जदाराचा गुन्हा नसतो, हे धोरणकर्त्यांनी एकदा मान्य केले होते, ते साथीपुरतेच का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरा मार्ग एकरकमी तडजोडीचा. त्याबाबत रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये चौकट आखून दिली. तडजोडीची रक्कम तीन महिन्यांच्या आत भरायची असेल तरच ती तडजोड; त्यापुढे गेली की ती पुनर्रचना मानली जाते. शेतीकर्ज वगळता इतर कर्जांत, तडजोडीनंतर त्या बँकेकडून किमान बारा महिने नवे कर्ज मिळत नाही. पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत ‘सेटल्ड’ हा शेरा राहतो तो वेगळाच. याचा अर्थ उघड आहे : तडजोड हा हाती ठोक रक्कम असणाऱ्याचा मार्ग आहे. नोकरी सुटताना मिळणारी रक्कम एकदाच येते. ती सर्व कर्जांच्या हप्त्यांवर थोडी थोडी वाटली तर सहा महिन्यांत संपते आणि सगळी कर्जे जिथल्या तिथे राहतात. त्याऐवजी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावणारी क्रेडिट कार्डाची बाकी आधी मिटवणे केव्हाही शहाणपणाचे. (न्यायालयाकडून या दरांना लगाम बसण्याची आशा कोणी बाळगू नये. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली.)

लोकअदालतीत होणारी तडजोड अधिक सौम्य वाटते, म्हणूनच ती अधिक सावधपणे करावी. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. येत्या मार्चपासून पगार निम्मा होणार हे ठाऊक असताना जानेवारीच्या पगारावर हप्ते कबूल करणारा माणूस स्वतःच्याच सहीने स्वतःविरुद्ध हुकूमनामा लिहून देतो.

याहून मोठी चूक भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार या निधीवर जप्ती आणता येत नाही. पगाराचेही तसेच. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. साठ हजारांच्या पगारातून जास्तीत जास्त सुमारे १९,७०० रुपये जप्त होऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गिस खटल्यात सांगितले आहे. वसुलीवाल्याच्या फोनला घाबरून निर्वाह निधी रिकामा करणारा कर्जदार, जे कायद्याने कोणीही हिरावून घेऊ शकत नव्हते तेच आपल्या हाताने देऊन बसतो. मात्र खात्यात पैसे न ठेवता हप्त्याचा स्वयंचलित आदेश परत जाऊ देणे धोक्याचे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार तो धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. हप्ता थांबणार असेल तर बँकेला आधी लेखी कळवून त्याची पोच घेतलेली बरी.

घराचे काय? मराठी माणसाला घर विकणे हा पराभव वाटतो, पण वरच्या हिशेबातील कुटुंबाचा प्रश्न खऱ्या अर्थाने फक्त याच मार्गाने सुटतो. खाते अनुत्पादित झाले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकाला ते घर विकता येत नाही. त्याआधी विकले तर गिऱ्हाईक आपण शोधतो, भाव आपण करतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. कर्ज फिटून चार पैसे उरतात. तेच घर लिलावात गेले तर ताबा अडलेला, गिऱ्हाईक बिचकलेले आणि वरून वसुलीचा खर्च.

घरही नाही, ठोक रक्कमही नाही आणि उत्पन्न परत वाढण्याची शक्यताही नाही, अशा माणसाने काय करावे? येथे आपला कायदा जवळजवळ मौन पाळतो. इंग्लंडमध्ये अशा माणसाला सल्लागार पहिला प्रश्न विचारतो तो पुढच्या उत्पन्नाचा. ते स्थिर असेल तर पाच-सहा वर्षे मासिक रक्कम भरण्याचा करार. ते घटणार असेल तर हा करार करू नका, कारण तो मोडला की सारे कर्ज पुन्हा मानगुटीवर बसते. ज्याच्याकडे घर नाही, कर्ज पन्नास हजार पौंडांच्या आत आहे आणि घरखर्च भागून महिन्याला ७५ पौंडही उरत नाहीत, त्याला बारा महिन्यांनी कर्जमुक्त करणारा आदेश मिळू शकतो. एप्रिल २०२४ पासून त्यासाठी शुल्कही पडत नाही.

आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत याच धर्तीवर ‘नव्या आरंभा’ची तरतूद आहे. अटी पाहाव्यात : वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत. महिन्याला पाच हजारही न मिळविणारा नोकरदार शहरात शोधावा लागेल. पण हा वादही कागदावरचाच, कारण व्यक्तींच्या नादारीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांसाठी. तेथे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वैधतेवर शिक्कामोर्तबही केले. उरलेल्यांसाठी मुंबईत १९०९ चा आणि पुण्या-नागपुरात १९२० चा कायदा. या १९२० च्या कायद्यात, फेडण्याची वाजवी आशा नसताना नवे कर्ज काढले असेल तर नादाराला पूर्ण मुक्तता नाकारली जाते. नोकरी जाणार हे कळल्यावर घाईघाईने वैयक्तिक कर्ज उचलणाऱ्यांनी हे कलम ४२ वाचून ठेवावे. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर त्याला स्वतःची चूक नसल्याचे पटवून द्यावे लागते, अशीही अट त्यात आहे. आणि नादारीचा अर्ज करण्यासाठी कर्ज किमान किती असावे, याचा त्या कायद्यातील आकडा आहे पाचशे रुपये.