विश्लेषण : ‘मुस्तफा’ कुठे गेला? जुन्या व्हिडिओ गेमच्या जतनाचा प्रश्न

नवी दिल्ली : देशभरातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खेळाचे मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये आणला. नाणे टाकून तो खेळलेली पिढी आता चाळिशीत पोहोचली आहे. परंतु हा खेळ अधिकृतपणे विकत घेणे तिला सोपे राहिलेले नाही. खेळ अमेरिकी चित्रकथेवर बेतलेला असल्याने हक्कांचा प्रश्न एकट्या कॅपकॉमपुरता मर्यादित नाही. कंपनीने २०१८ मध्ये आपल्या सात जुन्या मारधाडीच्या खेळांचा संच पुन्हा बाजारात आणला, त्यातही ‘मुस्तफा’ नव्हता.

हा अपवाद नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ते खेळायचे असल्यास जुने यंत्र मिळवणे, संग्रहालयात जाणे किंवा अनधिकृत प्रतीचा आधार घेणे, एवढेच मार्ग उरतात.

जुनी यंत्रे मिळवली तरी ती कायम टिकत नाहीत. भारतात ‘कॅसेट’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळातील प्रगतीची नोंद छोट्या सेलच्या आधारावर राहते. सेल संपला की नोंद पुसली जाते. कॅपकॉमने १९९३ मध्ये आणलेल्या सीपीएस-२ या आर्केड बोर्डमध्ये नक्कल रोखण्यासाठी खेळाची संकेतकिल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवली होती. बॅटरी संपताच किल्ली नष्ट होते आणि बोर्ड निकामी ठरतो. पडद्यावर बंदूक रोखून खेळायचे बहुतेक जुने खेळ पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालतात, कारण त्या बंदुकीला नेम ओळखण्यासाठी ट्यूबमधील प्रकाशरेषेची हालचाल लागते. सपाट पडद्यावर ती नसते. त्यामुळे संग्राहकाला खेळासोबत यंत्र, टीव्ही आणि दुरुस्तीचे कसब हे सारेच जपावे लागते.

डिजिटल विक्रीमुळे हा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक बिकट झाला. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतील विक्री बंद केली. केवळ तेथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून नव्या ग्राहकाला दुर्लभ झाले. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा डिस्क विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपातील नागरिकांच्या याचिकेने २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. डिजिटल दुकानातून ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळतो, हे विक्रेत्यांनी स्पष्ट सांगावे, असा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे.

अशा स्थितीत जतनाचे काम प्रामुख्याने हौशी मंडळींनी केले. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मेम’ या प्रकल्पाने हजारो आर्केड यंत्रांची अंतर्गत रचना संगणकीय प्रणालीत उतरवून ठेवली. मात्र प्रणाली कायदेशीर असली तरी तीवर चालवायच्या खेळाच्या प्रतीवर कंपनीचा हक्क कायम राहतो. संशोधकांना बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांमार्फत दूरस्थ पद्धतीने वापरता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. असे खेळ संशोधनाऐवजी करमणुकीसाठी वापरले जातील, हा उद्योगाचा आक्षेप त्यात निर्णायक ठरला.

भारतात हा प्रश्न अद्याप धोरणाच्या पातळीवर आलेलाच नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा भर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवरील बंदी आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन यांवर आहे. प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले. व्हिडिओ गेमना ते लागू नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने अशा कृतींनाही राष्ट्रीय संग्रहाची दारे उघडली. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा देते. पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. ही अट पुस्तकाला लागू पडते; मुळातच डिजिटल असलेल्या खेळाला ती पूर्ण करता येत नाही. दुसरीकडे, कलम ६५अ नुसार तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरण्यासाठी हक्कभंगाचा हेतू आवश्यक आहे. जतनाला वाव देणारी ही तरतूद मोलाची आहे.

गमावण्यासारखे भारताकडेही बरेच आहे. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने विकसित केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आला, त्या यंत्राचे उत्पादन कधीच थांबले. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्सने बटणांच्या मोबाइलसाठी काढलेले खेळ त्या फोनबरोबरच वापरातून गेले. भारतीय गेम उद्योगाच्या पहिल्या दशकाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला हीच मूळ साधने लागतील.

चित्रपटांच्या बाबतीत या दिरंगाईची किंमत देशाने मोजली आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये झळकला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज ज्ञात नाही. कलम ५२ मधील ‘डिजिटल नसलेली प्रत’ ही अट शिथिल करणे आणि भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक खेळाची एक प्रत राष्ट्रीय संस्थेकडे जमा करून घेणे, या दोन सुधारणांना मोठा खर्च येणार नाही. जुनी यंत्रे जपणारे संग्राहक आणि त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीर उपलब्ध आहेत, तोवरच त्यांचा पुरेपूर उपयोग होईल.